मागचे पाय कापलेली खुर्ची

नोंद असावी म्हणून लिहून ठेवण्यात येत आहे. या वर्षी २७ फेब्रुवारी रोजी, मंगळवारी, जुन्या बंदराच्या धक्क्यासमोरील घरांच्या ओळीत, कोपऱ्यापासून तिसऱ्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर, समुद्राकडच्या खिडकीत एका स्त्रीचा प्लास्टरचा पुतळा बसवण्यात आला. पुतळ्याच्या खांद्यावर पांढरी शाल आहे आणि नजर क्षितिजाकडे आहे. खाली दाराशेजारी पितळी पाटी आहे. समुद्रात नाहीशा झालेल्या आपल्या खलाशी पतीची एका स्त्रीने या खिडकीत आयुष्यभर वाट पाहिली, असे त्या पाटीवर कोरले आहे.

या वाक्यात खिडकी तेवढी खरी आहे. जिच्यावरून हा पुतळा घडवला ती स्त्री हयात आहे. तिचे यजमान खलाशी नव्हते. ते धक्क्यावरची क्रेन चालवत आणि बोटीत पाऊल टाकले की त्यांना मळमळू लागे. ते समुद्रात नाहीसे झाले नाहीत. ते रोज संध्याकाळी घरी येत, बूट जिन्यातच काढत आणि जेवायला बसले की मीठ कमी पडल्याचे न चुकता सांगत. वाट पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ घराबाहेर पडत नाहीत, हीच तिची तक्रार होती.

या संबंधात नगरपालिकेच्या वारसा विभागाकडे रीतसर तक्रार करण्यात आली. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असे उत्तर आले. तक्रार आणि सूचना यांतला भेद ज्या कार्यालयाला उमगत नाही, त्याच्यापुढे डोके आपटण्यात अर्थ नाही. तेव्हा घडले ते घडले तसे वाचकांपुढे ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

त्या स्त्रीला सगळी ओळ निशाणकाकू म्हणत असे. त्यांचा जन्म त्याच खोलीतला. वडील शिडे शिवत. शिडांची जहाजे संपली, तशी त्यांनी तीच जाड सुई आणि तळहातावर बांधायचा तोच चामडी पट्टा घेऊन ताडपत्र्या आणि निशाणे शिवायला घेतली. बोलायला लागण्याआधीच मुलीच्या हातात सुई आली असे ते सांगत. त्यांचे सांगणे थोडे कमी करून घ्यावे लागे, पण फार नाही.

जहाजे एकमेकांशी निशाणांनी बोलतात. एकेका रंगीत कापडाला एकेक अर्थ असतो: डॉक्टर हवा, दूर राहा, आम्ही मागे येत आहोत. जहाजांना सामान पुरवणारा दुकानदार नमुना पाठवी आणि बाप-लेक त्याबरहुकूम शिवून देत. अर्थाशी त्यांना कर्तव्य नव्हते. कोट कोणत्या समारंभासाठी आहे हे शिंपी कुठे विचारत बसतो? वडिलांचा नियम मात्र एक होता. शिवलेले निशाण खिडकीबाहेरच्या काठीला लावून दिवसभर वाऱ्यात ठेवल्याखेरीज दुकानात पाठवायचे नाही. शिवण उसवायची असेल तर घराच्या खिडकीत उसवू दे, भर समुद्रात नको.

एका वर्षी पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांच्या निशाणांची मोठी मागणी आली. एक उतरवायचे, दुसरे लावायचे, असा क्रम आठवडाभर चालला. मग एका दुपारी एक तरुण टोपी हातात घेऊन जिना चढून आला. काकू तेव्हा विशीच्या आत-बाहेर होत्या आणि कोपऱ्यात दोरा ओवत बसल्या होत्या.

"काका, राग मानणार नसाल तर विचारतो. तुमच्या घराला काही झालंय का?"

"घराला काय व्हायचंय?" वडील म्हणाले.

"नाही, आठवडा झाला, तुमची खिडकी सारखी सांगते आहे, वाटाड्या हवा, वाटाड्या हवा. ते पिवळं-निळं तेच सांगतं. जहाज आत घ्यायला वाटाड्या लागतो ना, तो बोलवायचं निशाण आहे ते. कोणी आलेलं दिसलं नाही. म्हटलं, आपणच बघून यावं."

"तू वाटाड्या आहेस?"

"नाही, समोरची क्रेन चालवतो. तुमची खिडकी माझ्या केबिनच्या अगदी समोर येते."

"मग काय, क्रेनने घर उचलून नेतोस?"

"घर नको," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला. कोपऱ्यातल्या मुलीचा दोरा सुईच्या नाकाला चुकला. असे सहसा होत नसे, हे वडिलांनी पाहिले. ते एवढेच म्हणाले, "उतरताना डोकं सांभाळ. तुळई खाली आली आहे." तरीही त्याचे डोके आपटलेच.

लग्न झाले आणि क्रेनवाला जावई त्या खोलीत राहायला आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर काकूंनी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल रंगाचे एक निशाण काठीला लावले. वाटाड्या जहाजावर आला आहे, असा त्याचा अर्थ. हे निशाण कोणी मागवलेले नव्हते. त्यांनी दुकानदाराकडून नमुना मागून घेऊन ते स्वतःसाठी शिवले होते. क्रेनला तेव्हा गोण्यांची झोळी लटकत होती. ती खाली यायचे नाव घेईना. मुकादमाचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला. "अरे, झोपलास का वर? की धान्य ढगांना वाढतोयस?" त्या दिवसापासून काका धक्क्यावर 'वरचे' झाले, पुढे ओळीतही त्यांना 'वरचे काका' म्हणू लागले. निशाण मात्र काकूंनी संध्याकाळी उतरवले, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवले.

आता खुर्चीविषयी. ती ओळ समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर उभी होती आणि भराव वर्षानुवर्षे दबत गेला होता. त्यामुळे प्रत्येक घराची जमीन समुद्राच्या बाजूला उतरती होती. हातातून सुटलेला बटाटा स्वयंपाकघरातून निघे आणि थेट समोरच्या खिडकीखाली जाऊन थांबे. खाटेवर पाय समुद्राकडे केले तर माणूस सकाळपर्यंत पायथ्याशी गोळा होई. ओळीने यावर आपला उपाय काढला होता. इतर लोक सामान विकत आणतात. ओळीत ते आणून कापावे लागे. कपाट, टेबल, खाट, ज्याचे जे पाय चढावर येत ते करवतीने आखूड करायचे, म्हणजे वस्तू सपाटीला येई. नवा संसार मांडणाऱ्याला भांड्यांच्या आधी करवत लागे.

काका लग्नानंतर प्रथमच खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि घसरत घसरत त्यांचे गुडघे भिंतीला टेकले. सासरे बघत होते.

"जावईबुवा, घाई दिसते समुद्रात जायची."

"तुमची खुर्चीच ढकलते आहे."

"मग तिचे मागचे पाय काप. खुर्ची तुझी, खिडकी तुझी. करवत शेजारी न्हाव्याकडे आहे."

काकांनी मागचे पाय कापले. अंदाज थोडा चुकला म्हणून पुन्हा थोडे कापले. मग खुर्ची अशी बसली की तिच्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर पाणी येई: खाली धक्का, वर आकाश आणि मध्ये त्यांची क्रेन. ती खुर्ची त्या खिडकीला जशी शोभली तशी जगात दुसरीकडे कुठेही शोभली नसती. काका सुट्टीचा सारा दिवस तिच्यात बसून आपलीच क्रेन लांबून बघत आणि बदली माणसाच्या चुका काढत. काकू म्हणत, "सहा दिवस क्रेनमध्ये बसता, सातव्या दिवशी तिच्याकडे बघत बसता. माझ्याकडे कधी बघणार?" काका म्हणत, "तू चहा घेऊन आलीस की मध्येच येतेस. तेव्हा बघतो."

त्या ओळीत जे राहिले त्यांनाच ती कशी होती ते ठाऊक. सकाळच्या भोंग्याने सगळ्या खिडक्या एकदम उघडत. डांबर, ओला दोर, गोणपाट आणि तळणीचे तेल यांचा मिळून एक वास होता. पोरे कुठेही खेळायला गेली तरी त्या वासाच्या मागाने घरी परत येत. भरतीच्या दिवशी खालचा दरवाजा फुगून बसे, मग आतल्याने ओढायचा आणि बाहेरच्याने लाथ घालायची. बायका खिडकीतून खिडकीशी बोलत आणि गुपिते तेवढी जिन्यात सांगत. जिन्यातले सगळ्यांना ऐकू जाई, हा भाग वेगळा. काकूंच्या काठीवरची निशाणे वाचून बंदराची माणसे थट्टा करीत. एकदा 'डॉक्टर हवा' वाऱ्यात होते, तर बंदराचे डॉक्टर धापा टाकत वर आले. रोगी नाही म्हटल्यावर, आलोच आहे तर म्हणून त्यांनी वडिलांचा रक्तदाब पाहिला, आणि नेमका तो वाढलेला निघाला. वडील त्यानंतर बरीच वर्षे जगले आणि त्याचे श्रेय सुईला देत राहिले.

हे सगळे कोणी पाडले नाही. पाडले असते तर निदान धूळ उडाली असती. मोठ्या जहाजांसाठी खाडीपलीकडे नवे बंदर झाले आणि जुन्या धक्क्यावर यायला कोणी उरले नाही. निशाणे कारखान्यात नायलॉनची होऊ लागली. त्यांना वाऱ्यात धरून बघायची कुणाला गरज वाटली नाही. काका निवृत्त झाले आणि त्यांच्या क्रेनला गंज चढला. वृद्ध घरमालक गेले, ओळ त्यांच्या मुलीकडे आली आणि कारभार मुलीच्या नवऱ्याकडे. सगळे त्यांना जावईबापू म्हणत. जावईबापूंनी एकेक घर रिकामे करून त्यांची पाहुण्यांसाठी विश्रामघरे केली. भाडेकरूंना शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत जागा मिळाल्या.

तिथे जे झाले ते या ओळीच्या माणसांनाच होऊ शकते. त्यांनी आपले सामान प्रेमाने गाडीवर घातले आणि नव्या फ्लॅटांत नेऊन मांडले. तिथली जमीन सपाट. आखूड पायांच्या खुर्च्या सगळ्या मागे कलल्या. न्हावीबुवांकडे पहिल्या दिवशी पाहुणे आले, ते सगळे माना मागे टाकून छताकडे बघत चहा पीत होते. टेबलावरची बशी भिंतीकडे निघाली. न्हावीबुवा काकूंना भेटायला आले तेव्हा म्हणाले, "काय सांगू वहिनी, घरात सगळे असे बसतात, जणू दाढीच करून घ्यायला आलेत." सगळे पोट धरून हसले. मग न्हावीबुवांनी काकांच्या खुर्चीत जरा बसू का म्हणून विचारले, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसले.

ओळीत आता काका-काकूच उरले होते. त्यांनाही जावे लागणारच होते. पण मध्ये बोटी आल्या.

जुने बंदर बघण्याच्या जागांत गणले जाऊ लागले आणि प्रवाशांना फिरवणाऱ्या बोटी सुरू झाल्या. बोटीवर ध्वनिक्षेपकातून माहिती सांगायला न्हावीबुवांची मुलगी लागली. ही मुलगी काकूंच्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करीत वाढलेली. काकू सवयीप्रमाणे खिडकीत उजेडाला बसून कुणाचे पडदे, कुणाची उशी शिवत असत. एके दिवशी वाऱ्याबरोबर शब्द वर आले. त्या ऐकतच राहिल्या, मग उठून मागच्या खोलीत गेल्या. काका दाढी करत होते.

"अहो, तुम्ही वारलात."

"कधी?"

"झाली म्हणे बरीच वर्षं. वादळात बुडालात. मी वाट बघते आहे."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. "मग मी दाढी कशाला करतोय?"

संध्याकाळी काकूंनी त्या मुलीला धक्क्यावर गाठले. "ज्यांनी तुला खांद्यावर बसवून क्रेन दाखवली, त्यांनाच बुडवलंस होय गं?"

"काकू, रागावू नका. पहिल्या दिवशी मी खरंच सांगितलं होतं. वर एक काकू बसतात, त्या निशाणं शिवायच्या, काका क्रेनवर होते, आता पेन्शनीत आहेत. लोक तोंड फिरवून बगळे बघायला लागले. पेन्शनीतल्या माणसासाठी कोणी तिकीट काढत नाही हो."

वाट पाहणारी बाई मात्र गावभर झाली. बोटी खिडकीसमोर थांबू लागल्या आणि हे जावईबापूंच्या कानावर गेले. घर रिकामे करा म्हणून सांगायला येणारे गृहस्थ आता पांढरी शाल घेऊन आले.

"काकू, तुम्हाला कोण जा म्हणतंय? तुम्ही तर ओळीची शान आहात. फक्त बोटी चालू असताना खिडकीत बसत जा. ही शाल घ्या."

"बसतेच मी. उजेड तिथेच आहे."

"शिवण मात्र नको. आणि काका..."

"काकांचं काय?"

"काका तेवढा वेळ मागच्या खोलीत बसले तर बरं दिसेल. म्हणजे, दिसणार नाहीत, तेच बरं."

काकूंनी शाल त्यांच्या अंगावर फेकली नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. काकांचे गुडघे गेले होते, छातीत दम राहिला नव्हता. जिना उतरणे बंद झाले होते. त्यांना आता जगात एक खिडकी उरली होती. बोटी सुरू होण्याआधी आणि बंद झाल्यावर, सकाळ-संध्याकाळ, ती त्यांची होती. वसाहतीत गेले तर खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसणार. नवऱ्याला सकाळ-संध्याकाळ समुद्र मिळावा म्हणून त्या बाईने भर दिवसा विधवा होण्याचे कबूल केले. पाटीवर कोरायचेच होते तर हे कोरता आले असते.

काकांनी सगळे थट्टेवारी नेले. चहा झाला की घड्याळाकडे बघून विचारत, "आमची मरायची वेळ झाली का?" मग भिंतीला धरून मागच्या खोलीत जात. तिथली खिडकी शेजारच्या घराच्या नळांवर उघडत होती. काकू शाल घेऊन समोर बसत आणि मान न वळवता, ओठ फारसे न हलवता त्यांना बंदर सांगत.

"पिवळी टगबोट आली. मागे दोन रिकाम्या होड्या."

मागून आवाज येई. "आणि क्रेन?"

"आहे. जागेवर आहे."

बोटीवरच्या लोकांना ओठ हलताना दिसत. ती प्रार्थना करते आहे, असे न्हाव्याच्या मुलीने त्यांना सांगायला सुरुवात केली.

असे बरेच दिवस निभावले. मग ती मुलगीच एका संध्याकाळी बातमी घेऊन वर आली. क्रेन भंगारात विकली होती. भरती असेल तेव्हाच माल वाहणारी सपाट बार्ज धक्क्याला लागणार, म्हणून क्रेन पुढच्या आठवड्यात भर दुपारी नेणार होते. नगराध्यक्ष येणार होते, बोटींवर जादा प्रवासी घेणार होते. सांगताना तिने काकांकडे पाहिले नाही.

त्या रात्री जेवताना काका मीठ कमी आहे असे म्हणाले नाहीत, तेव्हा काकूंनी हातातला घास खाली ठेवला.

"मी सांगीन ना सगळं," त्या म्हणाल्या. "एकही गोष्ट सोडणार नाही."

"सांगशील गं." त्यांनी हात पुसले. "एकदा बघायचं होतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी काकू जावईबापूंच्या कचेरीत गेल्या. यापूर्वी त्यांनी कधी काही मागितले नव्हते.

"तेवढी एक दुपार यांना खिडकीत बसू दे."

"नेमकी तीच दुपार? काकू, नगराध्यक्ष असणार बोटीत. मेलेला माणूस खिडकीत दिसला तर मी काय उत्तर देऊ?"

"मेलेले नाहीत ते."

"ते तुम्हाला-मला माहीत आहे."

"मग आणखी कोणाला माहीत असायला हवं?"

जावईबापूंनी हातातले पेन टेबलावर ठेवले. "काकू, खोली हवी आहे ना?"

काकू उठल्या. घरी येताना त्या प्रत्येक पायरीवर थांबल्या. खोली राखली ती ज्या माणसाने खिडकीत बसावे म्हणून, त्या माणसाने आयुष्यात एकदा खिडकी मागितली आणि ती देता येत नाही; मग राखले काय? वर पोचेपर्यंत त्यांचे ठरले होते. काकांना त्या बोलल्या नाहीत. त्यांनी खिडकीच्या काचा पुसायला घेतल्या.

त्या दुपारी काका नेहमीप्रमाणे भिंत धरून मागे निघाले, तेव्हा काकूंनी खुर्ची खिडकीशी सरकवली.

"इकडे बसा."

"आणि बोटी?"

"बसा म्हटलं ना."

काका बसले. काकूंनी पांढरी शाल त्यांच्या गुडघ्यांवर घातली. मग ट्रंक उघडली, तळातून लाल-पांढरे निशाण काढले आणि बाहेरच्या काठीला लावले. इतक्या वर्षांच्या घड्या पडलेले कापड आधी लोंबकळले, मग वाऱ्याने उघडले.

"हे काय?" काका म्हणाले.

"शिवण उसवते का ते बघते आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

पहिली बोट आली ती माणसांनी भरून. ध्वनिक्षेपकातून न्हाव्याच्या मुलीचा आवाज येत होता: "आणि आता वर पाहा, दुसऱ्या मजल्यावर, वादळात हरवलेल्या आपल्या पतीची..." आवाज थांबला. बोट पाण्यावर हलत राहिली. खिडकीत एक म्हातारा चष्मा लावून बसला होता आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या काकू थेट तिच्याकडे बघत होत्या. त्या मुलीला खरे सांगण्याची याहून चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. ती म्हणाली, "आणि... तो परत आला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी रुमाल हलवले.

"काय म्हणते ती?" काकांनी विचारले.

"तुम्ही आलात म्हणते."

"कुठून?"

"ते नाही सांगितलं."

"बरं. तू जरा बाजूला हो, क्रेन दिसत नाही."

क्रेन बार्जवर आडवी बांधलेली होती. तिची मान खाली केली होती आणि केबिनची काच फुटलेली होती. पिवळ्या टगबोटीने तिला धक्क्यापासून सोडवले आणि हळूहळू खिडकीसमोरून न्यायला सुरुवात केली. काकांचा उजवा हात शालीवर होता. तो हलके हलके मागे येत होता, जसा जड ओझे जमिनीला टेकवताना क्रेनच्या दांड्यावर येतो. टगबोटीच्या जुन्या कप्तानाने वर पाहिले आणि निशाण वाचले असावे, कारण त्याने भोंगा दिला, लांब आणि सावकाश. बोटीवरचे लोक दचकले. भोंगा कशासाठी होता हे त्यांच्यापैकी एकालाही कळले नाही. काका म्हणाले, "चांगला नेतोय. घाई नाही त्याला." क्रेन खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत दोघांनीही मान वळवली नाही.

नोटीस त्याच आठवड्यात आली. नवरा परत आलेल्या बाईला बघायला कोणी येत नाही, असे जावईबापूंचे म्हणणे होते आणि धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल.

गाडीवर सामान चढत असताना काकूंनी खुर्ची उचलायला सांगितली. काका म्हणाले, "ती नको नेऊ. तिथे तिच्यात बसलो तर फक्त आकाश दिसेल, आणि तिकडे बघायची मला अजून घाई नाही. ती इथलीच आहे. इथे बसेल कोणीतरी." म्हणून खुर्ची खिडकीशी राहिली. वसाहतीत काकांना सपाट खुर्ची मिळाली. ती चांगली होती आणि त्यांनी तिच्याविषयी कधी तक्रार केली नाही. थंडी सुरू झाली तेव्हा ते गेले. या वेळी खरोखर. कोणी बोट थांबवली नाही.

पुतळा बसवला त्या दिवशी न्हाव्याची मुलगी काकूंना घेऊन आली. तिच्या मनाला काहीतरी लागले होते, हे नाकारता येत नाही. काकू जिना चढल्या. खोलीत लाकडी फळ्या टाकून जमीन सपाट केली होती. त्यांनी पुतळ्याभोवती फिरून पाहिले.

"नाक बरं काढलंय. माझ्यापेक्षा बरं." मग म्हणाल्या, "हिच्या हातात सुई का नाही गं?" मुलगी पायांकडे बघू लागली. "आणि खुर्ची कुठे आहे?"

काकू खाली उतरल्या, समारंभाला आलेले जावईबापू मागोमाग आले. खुर्ची जिन्याखाली होती. तिच्यावर रंगाचे डबे ठेवले होते. काकूंनी डबे एकेक करून खाली ठेवले, बैठक हाताने पुसली आणि त्या तिच्यात बसल्या. खुर्ची मागे कलली. तशाच, छताकडे बघत, त्या जावईबापूंना म्हणाल्या, "ही वर ठेवा. तिच्या शेजारी."

"काकू, वाट बघणाऱ्या बाईजवळ नवऱ्याची खुर्ची कशी चालेल?"

काकूंनी डबे परत खुर्चीवर ठेवले नाहीत. भिंतीशी लावून ठेवले. आणि त्या मुलीचा हात धरून त्या बाहेर पडल्या.

वाचकांकडे मागणी एवढीच आहे. पुतळा राहू द्या. प्लास्टरने कोणाचे बिघडत नाही. तुमच्यापैकी जो कोणी त्या बोटीत बसेल, त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर बोट थांबली की टाळ्या वाजवू नयेत, रुमाल हलवू नयेत. उभे राहून, मोठ्याने, शेजाऱ्याला ऐकू जाईल असे विचारावे की क्रेनवाल्याची खुर्ची कुठे आहे. आणि ती जिन्याखालून काढून, खालच्या फळ्या उचलून, मूळच्या उतरत्या जमिनीवर, समुद्राकडे तोंड करून त्या खिडकीत ठेवली जाईपर्यंत प्रत्येक फेरीला विचारत राहावे.